जोडीदाराला डिमेन्शिया झाल्यावर कायदेशीर पालकत्व : ठाणे-नवी मुंबईकरांसाठी

दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात आमच्या ह्यांना विचारलं, "काका, हे घर कुणाचं?" हे प्रसन्न हसले आणि म्हणाले, "मामांचं. मी शिकायला राहतो इथे." मामांना जाऊन तीस वर्षं झाली होती. समोरच्या बाईंनी अंगठ्याचं यंत्र बाजूला सरकवलं आणि मला जवळ बोलावून हलक्या आवाजात म्हणाल्या, "मावशी, हा दस्त नाही नोंदवता येणार."

त्यांचं बरोबर होतं. दस्त करून देणारा माणूस मनाने सक्षम दिसत नसेल, तर अधिकाऱ्याने नोंदणी नाकारायची असते. नोंदणी कायदा १९०८ च्या ३५व्या कलमात ते स्पष्ट आहे. नौपाड्यातली आमची इमारत पुनर्विकासाला गेली होती. फ्लॅट एकट्या ह्यांच्या नावावर, बाकी सगळ्या सभासदांचे करारनामे उरकलेले आणि आमच्या एका सहीसाठी सगळी इमारत थांबलेली. त्यानंतरच्या धावपळीत जे शिकले ते इथे लिहिते आहे. मी वकील नाही. पण वकिलाकडे जाताना काय विचारायचं, हे तरी तुम्हाला माहीत असावं.

लग्नाच्या नात्याने अधिकार मिळत नाही

बेचाळीस वर्षं संसार केला, म्हणजे त्यांच्या वतीने सही करता येईलच, असं मी धरून चालले होते. तसं नाही. सज्ञान माणसाचा पालक आपोआप कुणीच होत नाही. बायको होत नाही, नवरा होत नाही, मुलगाही होत नाही. एकट्याच्या नावावरची मुदत ठेव मोडणं, फ्लॅट विकणं, पुनर्विकासाचा करार, लॉकर, शेअर्स या सगळ्याला त्यांची सही लागते, नाहीतर न्यायालयाचा आदेश.

दोन गैरसमजांनी माझे दोन महिने खाल्ले.

पहिला नॉमिनीचा. बँकेत सांगितलं, "मी नॉमिनी आहे ना!" नॉमिनेशन उपयोगी पडतं ते खातेदार गेल्यावर. तो हयात असताना नॉमिनीला एक रुपयाही काढता येत नाही.

दुसरा कुलमुखत्यारपत्राचा, आणि हा जास्त धोक्याचा. एका ओळखीच्या एजंटने सांगितलं, "पॉवर ऑफ ॲटर्नी करून टाका, अंगठा घेऊ." भारतीय करार कायदा १८७२ च्या २०१व्या कलमाप्रमाणे, मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्यारपत्रही संपतं. म्हणजे पाच वर्षांपूर्वी ते पूर्ण शुद्धीत असताना केलेलं मुखत्यारपत्रसुद्धा आता चालत नाही. आजार वाढल्यावर नव्याने अंगठा घेणं तर सरळ बेकायदा. कळकळीने सांगते, कोऱ्या कागदावर अंगठा घेऊ नका, त्यांच्यासारखी सही गिरवू नका. आज काम होईल. उद्या दीर, भाचा किंवा बिल्डरच त्या दस्ताला न्यायालयात आव्हान देईल, आणि आरोपी तुम्ही असाल.

निदान नुकतंच झालं असेल, तर आधी एवढं करा

डॉक्टरांनी 'अल्झायमर' हा शब्द उच्चारला म्हणजे त्याच दिवशी माणूस अक्षम ठरला, असं कायदा म्हणत नाही. व्यवहार काय आहे आणि त्याचा आपल्यावर काय परिणाम होईल, हे त्या वेळी समजत असेल, तर ती सही वैध असते. सुरुवातीचे काही महिने, कधी वर्ष-दोन वर्षं, हा अवधी मिळतो. आम्ही तो "एवढं काही नाही, वय झालं की होतं असं" म्हणत घालवला. तुम्ही घालवू नका.

बचत खातं आणि ठेवी दोघांच्या नावावर करून घ्या आणि 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' अशी सूचना लिहून द्या, म्हणजे एकाच्या सहीने खातं चालतं. पेन्शनचं खातंही पती-पत्नीचं संयुक्त असू शकतं. लॉकर, म्युच्युअल फंड, पोस्टाच्या योजना, सगळीकडे दुसरं नाव आहे का ते बघा.

मृत्युपत्र करायचं असेल तर त्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा: यांना मृत्युपत्राचा अर्थ समजतो आहे, असं लिहिलेलं. फ्लॅटचं बक्षीसपत्र जोडीदाराच्या नावे करता येतं. राहत्या घरासाठी महाराष्ट्रात त्याचं मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, बाकीचे स्थानिक कर आणि नोंदणीचा खर्च वेगळा. पण मुलांना अंधारात ठेवून बक्षीसपत्र करू नका. आजाराचं निदान झाल्यानंतरचा दस्त सगळ्यांच्या डोळ्यांवर येतो.

आणखी एक साधा कागद आहे, ज्याबद्दल मला कुणीच बोललं नव्हतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे रुग्णाला साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून आपला 'नामनिर्देशित प्रतिनिधी' नेमता येतो. उपचारांबद्दलच्या निर्णयांत हा प्रतिनिधी मदत करतो. त्याच कायद्यात आगाऊ निर्देशही लिहून ठेवता येतो: मला कसे उपचार हवेत, कसे नकोत. हा कागद करताना आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसलो होतो आणि हे म्हणाले होते, "मला बांधून ठेवू नका." ते वाक्य मी तसंच्या तसं लिहून घेतलं.

मात्र या प्रतिनिधीला पैशांचा किंवा मालमत्तेचा काहीही अधिकार नाही. सगळा घोळ होतो तो इथेच. १९८७च्या जुन्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालय मालमत्तेसाठी पालक किंवा व्यवस्थापक नेमू शकत होतं. २०१७च्या कायद्याने तो रद्द झाला आणि नव्या कायद्यात ती तरतूद आली नाही. म्हणून आपल्याला दुसरी दारं ठोठवावी लागतात.

डॉक्टरांचे कागद

न्यायाधीश तुमच्या ह्यांना ओळखत नाहीत. त्यांना दिसतो तो कागद. त्यामुळे ही फाइल घट्ट असली पाहिजे.

मेंदुविकारतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ, शक्यतो दोघांचंही प्रमाणपत्र घ्या. त्यात आजाराचं नाव, कधीपासून, कोणत्या टप्प्यावर, बरा होण्यासारखा आहे का, हे असावं. स्मृतिचाचणीचे गुण असावेत. एमएमएसई ही नेहमीची चाचणी ३० गुणांची असते. एमआरआयचा अहवाल, आणि बी-१२ व थायरॉइडच्या तपासण्याही जोडा, कारण या दोन्हींच्या कमतरतेनेही विस्मरण होतं आणि ते औषधाने सुधारू शकतं. ती शक्यता तपासली होती हे दिसलं पाहिजे. आणि सर्वांत महत्त्वाचं वाक्य: 'हे स्वतःचे आर्थिक आणि कायदेशीर व्यवहार समजून घेण्यास व निर्णय घेण्यास सक्षम नाहीत.' आमच्या पहिल्या प्रमाणपत्रात नुसतं 'डिमेन्शिया, उपचार चालू' एवढंच होतं. वकील बाईंनी ते परत पाठवलं. डॉक्टरांना हे वाक्य हवं आहे म्हणून आधीच सांगा, मात्र त्यांना खरं वाटत असेल तरच ते लिहितील, हेही लक्षात ठेवा.

खासगी डॉक्टरांबरोबर सरकारी रुग्णालयाचा कागद असला तर वजन पडतं. ठाण्यात १९०१ पासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. त्या नावाला दबून तिकडे जायचं टाळणारे अनेकजण मला भेटले. आम्हाला बाह्यरुग्ण विभागात नीट वेळ दिला, ह्यांच्याशी आदराने बोलले. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि वाशीचं महापालिका रुग्णालय हे दुसरे पर्याय.

याच सुमारास दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी, म्हणजे यूडीआयडी कार्डासाठी, ऑनलाइन अर्ज करून ठेवा. दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत डिमेन्शिया हे नाव वेगळं नाही. मानसिक आजार आहे. म्हणून प्रमाणपत्रावर कोणता वर्ग लिहिला आहे ते वाचून घ्या. पुढे आयकरातही या कागदांचा उपयोग होतो: जुन्या करप्रणालीत, ४० टक्के किंवा जास्त बाधा असलेल्या डिमेन्शियाच्या उपचारखर्चावर ज्येष्ठांसाठी १ लाख रुपयांपर्यंत वजावट आहे.

मुलांना एकत्र बसवा

खरा निकाल घरातच लागतो, असं मला आता वाटतं. सगळी मुलं सज्ञान असतील तर प्रत्येकाचं ना हरकत प्रतिज्ञापत्र लागतं, परदेशातल्या मुलाचंसुद्धा. तो ते तिथल्या भारतीय वकिलातीत करून पाठवू शकतो. सगळ्यांची संमती असली की प्रकरण सरळ चालतं. एकाने जरी हरकत घेतली तरी पुरावे, उलटतपासणी, तारखा.

म्हणून वकिलाआधी मुलांशी बोला, आणि आकडे समोर ठेवून बोला. ठेवी किती, पेन्शन किती, औषधांना आणि मदतनिसाला महिन्याला किती जातात. आमच्या धाकट्याला वाटत होतं, आई बाबांना 'वेडं' ठरवायला निघाली आहे. तो आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. मला त्याचा राग आला नाही, कारण मलाही रात्री तेच वाटायचं. ज्या माणसाने आयुष्यभर घराचा हिशेब ठेवला, त्याला हिशेब कळत नाही असं शपथेवर लिहून द्यायचं! शेवटी मुलीने त्याला महिनाभर घरी राहायला बोलावलं. रात्री दोन वाजता बाबा ऑफिसला निघालेले त्याने स्वतः पाहिले, आणि तिसऱ्या आठवड्यात प्रतिज्ञापत्रावर सही केली.

आणि ह्यांनाही सांगा. कळेल तितकं, सोप्या शब्दांत, सकाळी मन ताजं असताना. "कागदांचं मी बघू का?" असं विचारलं तेव्हा हे म्हणाले, "तूच बघतेस की." हा संवाद मी तारखेसह वहीत लिहून ठेवला होता आणि वकील बाईंनी तो अर्जात घेतला.

कुठल्या न्यायालयात जायचं

आधी चुकीची दारं सांगते, म्हणजे तुमचे हेलपाटे वाचतील. 'गार्डियन्स अँड वॉर्ड्स ॲक्ट' १८९०चा आहे आणि फक्त अज्ञान मुलांसाठी आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची राष्ट्रीय न्यासाची स्थानिक समिती पालक नेमते, पण ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी. डिमेन्शिया तिच्या कक्षेत नाही. मला कोर्ट नाक्यावर दोन ठिकाणी फिरवल्यावर हे समजलं.

उरतात दोन मार्ग.

एक, दिव्यांग हक्क कायदा २०१६ चं १४वं कलम. त्याखाली जिल्हा न्यायालय 'मर्यादित पालक' नेमू शकतं. यात पालकाने त्या व्यक्तीशी सल्लामसलत करून, तिच्या इच्छेला धरून निर्णय घ्यायचे असतात. अधिकार ठरावीक कामापुरते आणि ठरावीक मुदतीपुरते असतात. आजार मधल्या टप्प्यावर असेल आणि काम एखादंच असेल तर हा मार्ग मला माणुसकीला धरून वाटतो.

दुसरा, मुंबई उच्च न्यायालय. ज्यांची स्वतःची काळजी घेण्याची क्षमता राहिलेली नाही, त्यांच्यासाठी पालकाच्या भूमिकेतून आदेश देण्याचा अधिकार उच्च न्यायालय वापरतं: राज्यघटनेच्या २२६व्या अनुच्छेदाखाली, किंवा लेटर्स पेटंटच्या, म्हणजे या न्यायालयाच्या मूळ सनदेच्या, १७व्या कलमाखाली. २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने कोमातल्या रुग्णांच्या पालकत्वासाठी मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका पत्नीला, शुद्ध हरपलेल्या पतीची पालक म्हणून नेमलं. हे निकाल तुमच्या वकिलांना माहीत असतीलच. नसतील तर दुसरा वकील शोधा. ठेवी, फ्लॅट, शेअर्स असं सगळंच अडकलं असेल आणि आजार पुढे गेला असेल, तर हा मार्ग भक्कम. बँका आणि निबंधक उच्च न्यायालयाच्या आदेशापुढे खळखळ करत नाहीत. आम्ही हाच घेतला.

नवी मुंबईकरांनी आपला पत्ता नीट बघावा. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा भाग ठाणे जिल्ह्यात येतो, पण खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल हे रायगड जिल्ह्यात. जिल्हा न्यायालयाच्या मार्गाने जायचं तर हा फरक पहिल्याच दिवशी आडवा येतो. शिवाय नवी मुंबईत सिडकोच्या भाडेपट्ट्यावरच्या जमिनीवर घर असेल, तर विक्री किंवा हस्तांतराला सिडकोची परवानगीही लागते. अर्जात त्या कामाचा उल्लेख नावानिशी करून घ्या.

अर्ज आणि वकिलाचा खर्च

अर्जासोबत लागतं ते असं: लग्नाचा दाखला (आमच्या वेळी नोंदणी नव्हती; जुनं रेशन कार्ड, पासपोर्ट आणि मुलांचे जन्मदाखले चालले), दोघांचे आधार-पॅन, वैद्यकीय फाइल, सगळ्या कायदेशीर वारसांची यादी आणि ना हरकत, आणि मालमत्तेची पूर्ण यादी. यादीत काही लपवू नका, अगदी दुसऱ्या शहरातल्या जुन्या पतपेढीतले पाच हजारसुद्धा. लपवलेलं बाहेर आलं की विश्वास उडतो.

मागणी मोघम नको. 'पालक नेमावे' एवढ्यावर थांबू नका. कोणत्या बँकेतली कोणती खाती, कोणता फ्लॅट, पुनर्विकासाच्या करारावर सही, लॉकर, मेडिक्लेम, आयकर विवरण, असं एकेक लिहून घ्या. जे आदेशात नाही, ते बँक करणार नाही, आणि पुन्हा न्यायालयात जावं लागेल. स्थावर मालमत्ता विकायची असेल तर त्याची परवानगी ठळकपणे, वेगळी मागा.

वकिलाची फी झेपणारी नसेल तर पाय मागे घेऊ नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या १२व्या कलमाप्रमाणे महिला आणि दिव्यांग व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. ठाणे जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, उच्च न्यायालयासाठी वेगळी समिती आहे. फोन क्रमांक १५१००. 'फुकटचा वकील कसला' असं मला शेजारणीने म्हटलं होतं. आमच्या वकील बाई तिथूनच मिळाल्या.

तपासणी आणि सुनावणी

न्यायालय तुमच्या डॉक्टरांवर थांबत नाही. बहुतेक वेळा सरकारी रुग्णालयाच्या डॉक्टरांकडून स्वतंत्र तपासणी करवतं. मुंबईत अनेकदा हे काम जे. जे. रुग्णालयाकडे जातं. तो दिवस आमच्यासाठी कठीण गेला. भायखळ्यापर्यंतच्या गर्दीने हे बावरले. तुम्ही गाडी करून जा, सकाळची वेळ मागा, त्यांचा नेहमीचा डबा आणि ओळखीची शाल बरोबर ठेवा. डॉक्टर प्रश्न विचारत असताना मध्ये उत्तर देऊ नका. ते चुकताना बघवत नाही, हे मला ठाऊक आहे, पण त्यांची चुकलेली उत्तरंच नोंदवली जायला हवीत. आजारी माणूस अंथरुणावर असेल तर घरी येऊन किंवा व्हिडिओवर तपासणी व्हावी, अशी विनंती वकिलामार्फत करता येते.

मालमत्तेची चौकशी महसूल अधिकाऱ्यांकडूनही होऊ शकते. घरी कुणी आलं तर यादी आणि झेरॉक्स तयार ठेवा.

आमचं काम अर्ज दाखल झाल्यापासून सात महिन्यांत झालं. या काळात औषधपाण्याचा खर्च कुठून करायचा, याचं नियोजन आधी करा. फारच निकड असेल तर उपचारापुरते पैसे काढण्याची अंतरिम परवानगी वकिलांना मागायला सांगा.

आदेश हातात आल्यावर

प्रमाणित प्रती भरपूर काढा. प्रत्येक बँक, सोसायटी, म्युच्युअल फंड आणि निबंधक कार्यालय स्वतःची प्रत मागतं. सहीची पद्धत बदलते: त्यांचं नाव, खाली 'यांच्याकरिता, न्यायालयनियुक्त पालक' आणि मग तुमची सही. आयकर संकेतस्थळावर तुम्हाला त्यांचे प्रतिनिधी म्हणून नोंदणी करावी लागते.

हिशेब हा पालकत्वाचा कणा आहे. त्यांचे पैसे तुमच्या खात्यात मिसळू नका. एक वही करा, प्रत्येक खर्चाची पावती चिकटवा. न्यायालय ठरावीक काळाने अहवाल मागू शकतं. २०२०च्या त्या प्रकरणात देखरेखीचं काम राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडे दिलं होतं. पैसा त्यांच्याच सुखासाठी वापरायचा. नातवाच्या शिक्षणाला, कितीही प्रेमाने, त्यांच्या ठेवीतून देता येत नाही.

नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला विसरू नका. वय ८० च्या पुढे असेल तर ऑक्टोबरपासूनच देता येतो. चेहरा दाखवून घरबसल्या मोबाइलवर होतो, आणि सत्तरीपुढच्या खातेदारांसाठी बँकेने घरपोच सेवा द्यावी, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. मानसिक आधारासाठी टेलि-मानस १४४१६ आणि ज्येष्ठांसाठी १४५६७ हे दोन क्रमांक फ्रिजवर चिकटवून ठेवा. काळजीवाहकांशी बोलायचं असेल तर अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडियाचा मुंबईचा गट आहे.

एक गोष्ट मी अर्जात विसरले होते आणि नंतर जोडावी लागली. मी स्वतः ६९ वर्षांची आहे. उद्या मी पडले, तर ह्यांचा पालक कोण? म्हणून पर्यायी पालकाचं नाव पहिल्याच अर्जात द्या. आमच्यात मुलीचं आहे. आणि जोडीदार गेल्यावर पालकत्व त्याच क्षणी संपतं, हेही माहीत असू द्या. त्यानंतर ठेवीला हात लावायचा तो नॉमिनी किंवा वारस म्हणून, पालक म्हणून नाही.

पुनर्विकासाचा करार नोंदवायला मी आदेशाची प्रत घेऊन त्याच कार्यालयात गेले. बाई त्याच होत्या. त्यांनी आदेश पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, माझा फोटो घेतला, अंगठा घेतला. ह्यांना या वेळी आत आणावं लागलं नाही. मुलगी त्यांना घेऊन तलावपाळीवर बसली होती, आणि मी पोचले तेव्हा दोघं मिळून शेंगदाणे सोलत होते.